'बांधावरचे अकरा', प्रत क्रमांक ४१७

माझ्याकडे एकाच सिनेमाच्या सहा प्रती आहेत आणि तो सिनेमा मी आजवर धड पाहिलेला नाही, असं मला सरकारी कागदावर लिहून, खाली सही करून द्यावं लागलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! एकतीस वर्षं बंधारे खात्यात काढली, समुद्र कधी एक इंचभर आत येऊ दिला नाही, आणि अब्रू गेली ती एका खोक्यापायी. ते खोकं, ज्या लोकांनी ते बनवलं, ज्यांनी अडवलं आणि ज्यांनी त्याबद्दल सल्ले दिले, त्या सगळ्यांविषयी माझं मत फार वाईट आहे. ते मी लपवणार नाही.

सिनेमाचं नाव 'बांधावरचे अकरा'. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या आठवड्यात बांध फोडून सगळा मुलूख बुडवायचा हुकूम सुटतो. अकरा शिपाई 'नाही' म्हणतात. एक लष्करी न्यायाधीश त्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालायला लावतो, आणि वीस वर्षांनी तोच न्यायाधीश हसतमुखानं निवडणूक जिंकतो. सहासष्ट साली हा सिनेमा आमच्याच गावात, आमच्याच बांधावर काढला. सहा आठवडे अख्खं गाव त्यात गर्दी म्हणून उभं राहिलं, कारण दुपारचं वाटाण्याचं सूप फुकट मिळत होतं. मग सिनेमा लागला, न्यायाधीश आमच्या कुठल्या लाडक्या पुढाऱ्यावर बेतलाय ते लोकांच्या लक्षात आलं, आणि सूप पचलेलं असल्यामुळे त्याच गावानं बहिष्कार टाकला. तिसऱ्या दिवशी थेटरवाल्यानं सिनेमा उतरवला. असल्या गावात मी जन्म काढलाय.

पण तो सिनेमा बाहेर नावाजला गेला, आणि त्याच्या आवृत्त्या निघू लागल्या. आधी कॅसेट. मग डीव्हीडी. मग पत्र्याच्या डबीतली डीव्हीडी, मग पुस्तकासारखी उघडणारी, मग ब्लू-रे, मग तीच ब्लू-रे वेगळ्या चित्राची. मी सगळ्या घेतल्या. आणि एकीचंही सील फोडलं नाही. ज्याला ह्यातलं कळतं तो सील फोडत नाही. हॅम्बर्गचे एक गृहस्थ प्रत्येक आवृत्तीच्या दोन प्रती घेतात. एक ठेवायला, आणि ती ठेवून ठेवून बिघडली तर दुसरी ठेवायला. आम्ही संग्राहक एकमेकांना कपाटांचे फोटो पाठवतो. सिनेमाविषयी कोणी बोललंच तर बाकीचे जरा गप्प होतात.

आता आल्रिक्सबाई. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर टोम्मा आल्रिक्स म्हणून पंचाहत्तरीच्या बाई राहतात. त्या अकरांपैकी सात नट बाहेरून आणले होते आणि चार गावातली पोरं होती. त्या चारांतला एक, हाब्बो, हा ह्या बाईंचा भाऊ. वय एकवीस. शूटिंग उन्हाळ्यात झालं आणि त्याच नोव्हेंबरात त्याची मासेमारीची बोट परत आली नाही. बाईंनी सिनेमा त्या तीन दिवसांत एकदा पाहिला, तेवढाच. नऊ वर्षांपूर्वी त्यांना माझ्या कपाटाचा पत्ता लागला. त्या खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "एकदाच दाखवाल का? फोटो आहेत हो माझ्याकडे, पण फोटोत तो हलत नाही."

मी म्हणालो, "जरूर! पण आत्ताची आवृत्ती काही खास नाही. पुढच्या वर्षी चांगली येतेय."

पुढच्या वर्षी आली. तेव्हा मी म्हणालो, ह्याच्यात रंग जरा पिवळट आहेत, थोडं थांबा. मग म्हणालो, सहा मिनिटं कापलीयत, पूर्ण आवृत्ती येऊ द्या. खोटं एकही नव्हतं. बाई दरवेळी "बरं" म्हणायच्या आणि वर जायच्या. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की कडेचंही हिवाळ्यापर्यंत जाईल. हे मला गेशेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवताना सांगितलं. सांगताना तिनं चमचा खाली ठेवला होता, म्हणजे विषय गंभीर होता.

आणि नेमकी तेव्हाच लंडनच्या एका कंपनीनं घोषणा केली. अंतिम आवृत्ती! दिग्दर्शकानं मरण्याआधी स्वतः शेवटचा हात फिरवलेली! फक्त हजार प्रती, प्रत्येकीवर क्रमांक. ऐंशी पानांची पुस्तिका. बांधाच्या मातीच्या रंगाचं खोकं. घडी घातलेलं पोस्टर, जे उलगडलं की त्याची किंमत जाते. असल्या जाहिराती लिहिणाऱ्यांना बांधाच्या त्याच मातीत कमरेपर्यंत पुरलं पाहिजे. मी अकरा मिनिटांत ऑर्डर दिली.

"ही आली की दाखवणार आहेस ना त्यांना?" गेशेनं विचारलं.

"अर्थात! ह्याच्यापुढे आवृत्तीच नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

पूर्वी लंडनहून पार्सल चार दिवसांत दारात यायचं. पण इंग्रजांनी युरोपशी काडीमोड घेतला आणि त्याचा त्रास मला सुरू झाला. पार्सलऐवजी पत्र आलं: आपली वस्तू कस्टम्समध्ये अडकली आहे, स्वतः येऊन सोडवावी. कस्टम्सचं ऑफिस बावीस किलोमीटरवर. ही बातमी इमारतीत पसरायला अर्धा तास लागला, कारण तळमजल्यावर स्टालमान राहतात. हे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. सगळ्यांची पार्सलं घेऊन ठेवतात, आणि पार्सल देताना बरोबर सल्ला देतात. पार्सल नसलं तरी सल्ला देतात.

"वुब्बेना, सांगा की भेट आलीय," ते जिन्यातच म्हणाले.

"बिल आहे हो माझ्या नावाचं."

"मग सांगा, कलात्मक सिनेमा आहे. नाहीच पटलं तर सांगा, भयंकर कंटाळवाणा आहे. कंटाळवाणा म्हटलं की कला आहे हे सरकारला पटतं. आणि त्या सिनेमाच्या नादी लागलात तरी कशाला? माझ्या वडिलांनी बहिष्कार टाकला होता त्याच्यावर."

"तुमचे वडील सुपाच्या रांगेत पहिले असायचे."

"सुपावर बहिष्कार नव्हता," स्टालमान म्हणाले.

पहिल्या खेपेला मला परत पाठवलं, कारण बिल माझ्या फोनवर होतं आणि साहेबांना ते कागदावर हवं होतं. साहेबांचं नाव पॉपिंगा. वय पस्तीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, आणि समोरच्या माणसाचं काम होणार नाही ह्याचा चेहऱ्यावर एक शांत आनंद. प्रिंटर त्यांच्या कोपरापाशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "तो ऑफिसचा आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कागद नेला. आता इथला नियम असा, की पार्सल त्यांच्यासमोर आपणच उघडायचं. साहेब बोट दाखवणार, सुरी आपण चालवायची, म्हणजे काही फुटलं तर ते आपण फोडलेलं. मी श्वास रोखून बाहेरचा पुठ्ठा कापला. आत मातकट खोकं, वर घट्ट पारदर्शक सील, कोपऱ्यात सोनेरी क्रमांक: ४१७. मला खरोखर भरून आलं. पॉपिंगांना नाही आलं. त्यांनी खोक्यावरच्या चित्रावर पेन टेकवलं.

"ह्या झेंड्यावर काय आहे?"

"त्या काळी जे असायचं तेच, वाकडं स्वस्तिक. युद्धाचा सिनेमा आहे, साहेब."

"ही खूण आपल्याकडे अशी मिरवायला बंदी आहे."

"अहो, पण झेंडा जळतोय!"

"अर्धाच जळालाय," पॉपिंगा नीट वाकून बघत म्हणाले. "खूण उरलेल्या अर्ध्यात आहे."

मी त्यांना समजावलं की हा सिनेमा त्या लोकांच्या विरोधातला आहे, जगभर नावाजलेला आहे. त्यांनी ऐकून घेतलं. कलाकृती असली तर सूट आहे म्हणाले, पण ती कोणाच्या बाजूची आहे ह्याची नोंद लागेल. एक फॉर्म पुढे केला. 'चित्रपटाचा आशय थोडक्यात लिहा.' मी लिहिलं. मग त्यांनी दुसरा रकाना दाखवला: 'हे निवेदन चित्रपट संपूर्ण पाहून केले आहे काय?'

इथं मी जरा थांबलो. खोटं लिहायचं माझ्या रक्तात नाही. त्र्याऐंशी साली टीव्हीवर एकदा लागला होता. मी पहिली चाळीस मिनिटं पाहिली आणि मग गेशेच्या आईला स्टेशनवरून आणायला जावं लागलं.

"म्हणजे पाहिलेला नाही," पॉपिंगा म्हणाले.

"माझ्याकडे सहा प्रती आहेत त्याच्या!"

"आणि पाहिलेला नाही."

"सील आहे त्यांना!"

रांगेतली एक बाई मागे हसली. पॉपिंगा हसले नाहीत, ते जास्त लागलं. ते म्हणाले, "लिहून द्या तसं." मी लिहून दिलं. मग त्यांनी तीच सुरी माझ्याकडे सरकवली. "हेही फोडा. आत काय आहे ते लावून बघू, अडीच तासांचा प्रश्न आहे." मी अक्षरशः खोक्यावर आडवा झालो. पोट टेबलावर, पाय जमिनीवर, असा सरकारी कचेरीत आडवा झालेला माणूस काय दिसत असेल त्याचा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळ केला.

"दुसरा मार्ग आहे," पॉपिंगा माझ्या पाठीला उद्देशून म्हणाले. "ज्यानं सिनेमा पाहिलाय असा माणूस आणा. तो सांगेल, मी नोंद करीन."

आमच्या गावात तो सिनेमा पाहिल्याचं कबूल करणारा आणि अजून हयात असलेला माणूस कोण? गाडी चालवताना मला त्याचं उत्तर ठाऊक होतं, आणि म्हणून मी मुद्दाम रेंगाळत, ताशी पन्नासनं घरी आलो. "जा आता वर. कुठल्या तोंडानं जाणारेस ते तुझं तू बघ," गेशे म्हणाली.

आल्रिक्सबाईंनी आधी चहा टाकला. आमच्याकडच्या रीतीनं खडीसाखर, वर साय, ढवळायचं नाही, आणि तीन कप झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. तिसऱ्या कपानंतर मी 'पुरे' ह्या अर्थी चमचा कपात ठेवला आणि घडलं ते सांगितलं, आडवं पडण्याचा भाग वगळून. तो त्यांना स्टालमानकडून आधीच कळला होता. स्टालमानना कुठून कळला, देव जाणे.

"आणि सुटल्यावर दाखवाल?" त्यांनी विचारलं.

"दाखवीन."

"सील फोडून?"

"फोडून," मी म्हणालो.

"चला तर. कोट घालते," बाई म्हणाल्या.

तिसरी खेप. बाई पॉपिंगांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या, हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि सिनेमा सांगायला लागल्या. पहिल्या प्रसंगापासून. पाऊस कसा होता, कोण कुठून चालत येतो, न्यायाधीश हातमोजे कसे काढतो. छप्पन्न वर्षांपूर्वी एकदा पाहिलेला सिनेमा! सहा प्रतींचा मालक मी, शेजारी उभा राहून पुढे काय होतं ते तोंड वासून ऐकत होतो. पॉपिंगांनी मध्येच पेन खाली ठेवलं. रांग वाढली, पण कोणी कुरकुर केली नाही.

"मग भिंतीपाशी अकरा जण," बाई म्हणाल्या, "आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत जातो. आमचा हाब्बो नववा."

"मग?" पॉपिंगांनी विचारलं.

"मग बंदुका."

पॉपिंगांनी रकान्यात लिहिलं, 'विरोधी बाजू.' शिक्का मारला. खोकं त्यांनी माझ्या हातात न देता बाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यातला अपमान माझ्या नजरेतून सुटला नाही.

रविवारी दुपारी तीनला बाई खाली आल्या. स्टालमानही आले, न बोलावता, स्वतःची खुर्ची घेऊन. "बहिष्कार माझ्या वडिलांचा होता, माझा नाही," ते म्हणाले. मी क्रमांक ४१७ चं सील फोडलं. सगळे बघत होते म्हणून चेहरा सरळ ठेवला. बाई टीव्हीसमोर बसल्या आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तसं केलं की पडदा त्यांना डोळ्याच्या कडेनं दिसतो. दोन तास त्या तशाच, खिडकीकडे बघत, सिनेमा पाहत होत्या. चित्र खरोखर सुंदर होतं. गवताची पाती मोजता येत होती.

भिंत आली. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पहिला चेहरा, दुसरा, तिसरा. सातवा. आठवा. आणि एकदम बंदुका.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "नववा कुठाय?"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. आठवा, बंदुका. आणखी एकदा. आठवा, बंदुका. "माझ्या डोळ्यांमुळे सुटला का?" बाईंनी विचारलं.

मी पुस्तिका उघडली. इतकी वर्षं असल्या पुस्तिका मी नुसत्या जमवत आलो. वाचायची ही पहिलीच वेळ. दिग्दर्शकाची शेवटची मुलाखत होती. मी मोठ्यानं, इंग्रजीचा अर्थ लावत वाचायला लागलो: "नवव्या शिपायाचं काम गावातल्या एका हौशी पोराला दिलं होतं. मरणाच्या दारात उभा असताना हा गडी बाजूला बघून हसला. दुसऱ्यांदा शूटिंग करायला उजेड नव्हता. पंचावन्न वर्षं तो डाग मला सलत होता. ह्या आवृत्तीत अखेर तो..." इथं मी थांबलो, पण उशीर झाला होता.

"काढला," बाईंनी वाक्य पुरं केलं. त्या पिशवी शोधायला लागल्या. "बरं. मी येते."

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून ते 'बरं' मी कितीदा ऐकलं असेल. पण ह्या खेपेला गेशे माझ्याकडे बघत होती, स्टालमान बघत होते, आणि मला माझ्याच खुर्चीत बसवेना.

माझ्या कपाटात सगळ्यात वर, काचेच्या आत, त्या सिनेमाची पहिली डीव्हीडी आहे. होती. कंपनी बुडाली आणि अडीचशेच निघाल्या. सीलबंद म्हणून जगात चारच ठाऊक आहेत, त्यांतली एक माझी. हॅम्बर्गच्या गृहस्थांनी तिच्यासाठी मला दोनदा पत्र लिहिलंय, आणि मी दोन्ही वेळा उत्तर न देण्याचं सुख घेतलंय. नंतरच्या आवृत्त्यांवर कोणाकोणाचा हात फिरलाय ते सांगता येत नव्हतं, आणि कॅसेट लावायला यंत्र उरलं नव्हतं. मी स्टुलावर चढलो, ती काढली. गेशेनं न बोलता कात्री पुढे केली. मी कापलं. आवाजही फारसा झाला नाही.

"बसा, आल्रिक्सबाई," मी म्हणालो.

चित्र पिवळट होतं, मध्ये मध्ये रेघा होत्या. मी थेट भिंतीपाशी नेलं. सातवा. आठवा. आणि नववा. टोपी जरा मोठी झालेला, कान पुढे आलेले, असा एक पोरगा समोर बघत होता. मग त्याची नजर किंचित बाजूला गेली आणि तो हसला. खळखळून नाही, पण हसू दाबता न आल्यासारखा. चार सेकंदं. मग दहावा.

बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कॅमेऱ्यात बघायचं नाही अशी ताकीद दिली होती त्यांना," त्या म्हणाल्या. "तो कॅमेऱ्यात बघतच नाहीये. मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते. सकाळी उपाशी पळाला होता म्हणून ब्रेडची पुडी घेऊन गेले होते."

"पण त्यात हसण्यासारखं काय होतं?" स्टालमाननी हळू आवाजात विचारलं.

"मला भूक लागली होती हो. त्याला भिंतीशी उभं केलं होतं, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याचाच ब्रेड खात होते."

स्टालमान उठले आणि सल्ला न देता त्यांनी टीव्हीसमोरची आपली खुर्ची बाजूला घेतली. हे मी बावीस वर्षांत प्रथमच पाहिलं. मी पुन्हा मागे नेलं. हाब्बो पुन्हा हसला. बाई खुर्ची ओढत टीव्हीच्या जवळ गेल्या, मग आणखी जवळ, मान आणखी वळवली.

"कानाकडचं नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "तोंडाचं जरा पुसट होतंय. ही आवृत्ती कधी आली म्हणायची?"

"चौदा वर्षं झाली."

"म्हणजे मी पहिल्यांदा विचारायला आले, तेव्हा ही होती वर कपाटात?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. सील, क्रमांक, पिवळट रंग, कापलेली सहा मिनिटं. "होती," मी म्हणालो.

"तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता," आल्रिक्सबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. "लावा परत. आणि वुब्बेना, तो हसतो तिथं थांबवा, आणि नीट बघून मला सांगा, दात दिसतात का त्याचे?"

मी टीव्हीपाशी गुडघ्यांवर बसलो आणि बघायला लागलो.